हार्ड डिस्कच्या हालचालीवर लुकलुकणारे कॅबिनेट

संगणकाच्या कॅबिनेटमध्ये रंगीत दिव्यांची पट्टी बसवण्याची हौस आता महानगरांपुरती उरलेली नाही. जबलपूर-भोपाळ मार्गावरील शहपुऱ्यासारख्या तहसिलीच्या गावातही अशी पट्टी घरपोच मागवता येते. पट्टी सतत जळत राहण्याऐवजी हार्ड डिस्क काम करीत असतानाच ती उजळावी, अशी इच्छाही अनेकांना होते. मात्र ती पट्टी थेट मदरबोर्डला जोडली, तर हौसेची किंमत मदरबोर्डाच्या रूपाने मोजावी लागू शकते, आणि लहान गावात नवा मदरबोर्ड त्याच दिवशी मिळेलच असे नाही.

डिस्कची हालचाल दाखवणारा दिवा ही मुळात सजावटीची वस्तू नव्हे. जुन्या, ४० पिनांच्या आयडीई हार्ड डिस्कमध्ये ३९ व्या पिनेवर डिस्क कार्यरत असल्याचा संकेत मिळत असे. आज बहुतेक मदरबोर्डांवर तो कॅबिनेटच्या दर्शनी भागासाठी असलेल्या पिनांच्या गटात मिळतो. नेहमीच्या मांडणीत पहिली पिन या दिव्याची धन बाजू व तिसरी ऋण बाजू असते. तरीही मदरबोर्डासोबतची पुस्तिका पाहिल्याखेरीज हात लावू नये.

या दोन पिनांमधून मिळणारी वीज अत्यल्प असते. धन पिनेवर बहुधा ५ व्होल्टचा दाब सुमारे ३३० ओहमच्या रेझिस्टरमधून येतो आणि डिस्क काम करू लागली की मदरबोर्डावरील चिप ऋण पिन जमिनीशी, म्हणजे शून्य व्होल्टशी, जोडते. लाल एलईडी स्वतः १.८ व्होल्ट घेतो, उरलेले ३.२ व्होल्ट ३३० ओहममधून गेले की प्रवाह येतो जेमतेम १० मिलिअँपिअर. याउलट मीटरला ६० दिवे असलेल्या साध्या पट्टीचा ३० सेंटिमीटरचा तुकडा घेतला, तर त्यात १८ दिवे येतात. तीन-तीन दिव्यांचे सहा गट, प्रत्येक गटाला २० मिलिअँपिअर, म्हणजे एकूण १२० मिलिअँपिअर, आणि तेही १२ व्होल्टवर. बारापट भार त्या नाजूक चिपवर टाकणे म्हणजे मदरबोर्ड पणाला लावणे होय.

मध्यस्थाची गरज

यावर उपाय म्हणजे संकेत मदरबोर्डाकडून घ्यावा, पण वीज थेट एसएमपीएसकडून घ्यावी. या दोहोंमध्ये ऑप्टोकपलर नावाचा चार पायांचा लहानसा भाग बसवतात. त्याच्या पोटात एका बाजूस सूक्ष्म एलईडी आणि समोर प्रकाशाने जागा होणारा ट्रान्झिस्टर असतो. दोन्ही बाजूंमध्ये तारेचा संबंध नसल्याने पट्टीकडे काही बिघडले, तरी त्याची झळ मदरबोर्डापर्यंत सहसा पोहोचत नाही. पीसी ८१७ हा त्यातील सर्वपरिचित भाग आहे.

त्याची एलईडीची बाजू मूळ दिव्याच्या जागी दोन पिनांना जोडावी. दुसऱ्या बाजूच्या ट्रान्झिस्टरची क्षमता ५० मिलिअँपिअरच असल्याने त्याच्यामागे आणखी एक ट्रान्झिस्टर लागतो. येथे अनेक जण दुकानात सहज मिळणारा बीसी ५४७ घेतात. त्याची मर्यादा १०० मिलिअँपिअर असल्याने तो येथे अपुरा पडतो. बीसी ३३७ घ्यावा.

जोडणी अशी: पट्टीची धन बाजू १२ व्होल्टला, ऋण बाजू बीसी ३३७ च्या कलेक्टरला आणि एमीटर जमिनीला. ऑप्टोकपलरचा कलेक्टर १२ व्होल्टला आणि त्याचा एमीटर २.२ किलो-ओहमच्या रेझिस्टरमधून बीसी ३३७ च्या बेसला. बेस आणि जमीन यांच्यामध्ये १० किलो-ओहमचा आणखी एक रेझिस्टर ठेवला, म्हणजे डिस्क शांत असताना पट्टी मिणमिणत राहत नाही. बेसला सुमारे ५ मिलिअँपिअर मिळतात. १२० मिलिअँपिअरसाठी ते पुरेसे आहेत.

कॅबिनेटवरील मूळ दिवाही हवा असल्यास तो ऑप्टोकपलरशी एकापाठोपाठ जोडता येतो. लाल वा हिरव्या दिव्याबाबत हे चालते. निळा दिवा मात्र एकटाच ३ व्होल्टहून अधिक घेतो, त्यामुळे दोघांच्याही वाट्याला फारसे काही उरत नाही.

वायरींच्या रंगांबाबत एक सावधगिरी. घरातील जुन्या वायरिंगची सवय असलेला कारागीर लाल वायरीला फेज आणि काळीला न्यूट्रल समजतो. एसएमपीएसच्या चार पिनांच्या कनेक्टरमध्ये पिवळी वायर १२ व्होल्ट, लाल ५ व्होल्ट आणि दोन्ही काळ्या जमिनीच्या असतात. पिवळ्या वायरीत अर्ध्या अँपिअरचा फ्यूज अवश्य घालावा. हा पुरवठा कित्येक अँपिअर देऊ शकतो आणि शॉर्ट झाल्यास एसएमपीएस बंद पडण्याआधी बारीक वायर जळू शकते. सांधे झाकण्यासाठी चिकटपट्टीपेक्षा उष्णतेने आवळणारी नळी बरी, कारण उन्हाळ्यात पट्टीचा गोंद सुटतो. एसएमपीएस मात्र कधीही उघडू नये. त्याच्या आत ३०० व्होल्टहून अधिक दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो.

२००० च्या दशकात लोकप्रिय असलेल्या कोल्ड कॅथोड नळ्या या कामास योग्य नाहीत. त्यांच्या इन्व्हर्टरमधून शेकडो व्होल्ट निघतात. तीन पिनांच्या, ५ व्होल्टच्या नव्या रंगीत पट्ट्याही येथे चालत नाहीत. १२ व्होल्टला जोडताच त्या जळून जातात.

सर्व जोडणी बिनचूक होऊनही पट्टी लुकलुकत नसेल, तर दोष डिस्कच्या प्रकारात असू शकतो. मदरबोर्डावर आडव्या बसणाऱ्या एनव्हीएमई एसएसडीचा संकेत काही मदरबोर्डांवर या दिव्यापर्यंत आणलेलाच नसतो.

वीज गेल्यावर यूपीएसच्या मोजक्या मिनिटांत ही पट्टी उपयोगी पडते. ती लुकलुकत असताना संगणकाची वीज तोडल्यास अर्धवट लिहिलेली फाइल गमावण्याचा धोका असतो. परंतु पट्टी विझली म्हणजे सर्व लिहून झाले, असेही समजू नये. काही माहिती तेव्हाही मेमरीतच थांबलेली असू शकते आणि संगणक रीतसर बंद केला की ती डिस्कवर उतरते.