टाक्याटाक्याने जुळणारी ओळख

उतारवयात माणसांचे वर्तुळ नकळत लहान होत जाते. निवृत्तीनंतर सहकारी दुरावतात, मुले परगावी स्थिरावतात, बरोबरीची माणसे एकेक करून निघून जातात. जी उरतात त्यांच्याशी होणारे बोलणेही ठरावीक वाटेने जाते: रक्तदाब, साखर, गुडघे आणि नातवंडांच्या परीक्षा. नवी ओळख करून घ्यावी असे मनात येते, परंतु सत्तरीच्या उंबरठ्यावर कोणाशी आणि कशावरून बोलायला आरंभ करावा, हे उमगत नाही. अशा वेळी हातातला एखादा छंद उपयोगी पडतो. तो दोन अनोळखी माणसांना बोलायला एक निरुपद्रवी विषय देतो आणि त्या विषयाच्या आडून माणसे सावकाश एकमेकांना कळू लागतात. फुलीच्या टाक्याचा, म्हणजेच क्रॉस स्टिचचा छंद याचे फार चांगले उदाहरण आहे.

कला साधी, हिशेब पक्का

आज साठी-सत्तरीत असलेल्या अनेक भगिनींनी शाळेत शिवणाच्या तासाला मॅटी किंवा दोसुती कापडावर हा टाका घातलेला असेल. कापडाच्या प्रत्येक चौकोनात एक तिरका टाका आणि त्यावर उलट दिशेचा दुसरा, की एक फुली पूर्ण. नक्षी कापडावर काढलेली नसते. ती चौकटीच्या कागदावर असते आणि घरे मोजत मोजत कापडावर उतरवायची असते. नियम एकच: सर्व फुल्यांचा वरचा टाका एकाच दिशेला झुकलेला हवा, नाहीतर उजेडात तो भाग वेगळा चमकतो.

यासाठी मिळणाऱ्या ऐडा कापडात साधारणपणे एका इंचात १४ घरे असतात. ६० घरे लांब आणि ६० घरे रुंद अशी नक्षी त्यावर सव्वाचार इंचांच्या आसपास बसते, पण तेवढ्याशा जागेत ३६०० फुल्या भरतात. हे काम एका बैठकीत होणारे नव्हे. रोज थोडे थोडे करत आठवडेच्या आठवडे ते सोबत करते आणि त्याचा खरा लाभही त्यातच आहे.

आपल्या शेजारच्या धारवाड भागातील कसुतीतही हा टाका आहे. गवंती, मुर्गी, नेगी आणि मेंथी हे कसुतीचे चार टाके. त्यांतला मेंथी हा फुलीचा टाका असून त्याचे नाव मेथीच्या दाण्यावरून पडले. दक्षिण महाराष्ट्रात हौसेने नेसल्या जाणाऱ्या इरकली लुगड्यांवर याच कसुतीतले रथ, गोपुरे, तुळशीवृंदावने, हत्ती आणि मोर आपण पाहिलेले असतात.

साडेचारशे वर्षांपूर्वीच्या दोघी

सुईदोऱ्याने जवळ आलेल्या दोन स्त्रियांची एक प्रसिद्ध कथा इंग्लंडच्या इतिहासात आहे. स्कॉटलंडची राणी मेरी हिला १५६८ साली राज्य सोडून इंग्लंडमध्ये आश्रय घ्यावा लागला आणि तिथे ती नजरकैदेत पडली. १५६९ पासून तिची जबाबदारी श्रूजबरीच्या उमरावाकडे होती. त्याची पत्नी बेस ऑफ हार्डविक वयाने मेरीहून बरीच मोठी, व्यवहारी आणि करारी. एक कैदी आणि दुसरी तिच्या पहारेकऱ्याची पत्नी. तरीही दोघी शेजारी बसून भरतकाम करू लागल्या. निसर्गविषयक सचित्र ग्रंथांतून पक्षी, मासे, प्राणी आणि झाडे निवडायची व रेशमी धाग्याने फुलीच्या टाक्यात उतरवायची, असा त्यांचा क्रम होता. त्यांचे पुष्कळसे काम आज नॉरफोकमधील ऑक्सबरो हॉल या वाड्यात पाहता येते. काही तुकड्यांवर मेरीच्या, तर काहींवर बेसच्या नावाची आद्याक्षरे गुंफलेली आहेत.

त्याच वर्षी मेरीला भेटलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याने तिला विचारले होते, की हवा वाईट असली म्हणजे घरात वेळ कसा घालवता? दिवसभर सुईकाम करते, रंगांच्या विविधतेमुळे ते कंटाळवाणे होत नाही आणि दुखू लागले की थांबते, अशा आशयाचे उत्तर तिने दिले. आजच्या फिजिओथेरपिस्टनेही यातला शेवटचा भाग मान्य करावा.

या दोघींची मैत्री अखेरपर्यंत टिकली नाही. पुढे संशय आणि कुजबुजीने त्यांच्यात वितुष्ट आले आणि १५८७ मध्ये मेरीला मृत्युदंड झाला. परंतु सर्वस्वी विरुद्ध परिस्थितीतल्या दोन व्यक्ती काही वर्षे एका चौकटीशी बसून एकमेकींना ओळखत होत्या, याची साक्ष ते तुकडे अजून देतात.

हा छंद स्त्रियांचाच, असे मानण्याचेही कारण नाही. दुसऱ्या महायुद्धात क्रीट बेटावर जर्मनांच्या हाती सापडलेल्या अलेक्सिस कॅसडॅग्ली या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९४१ च्या डिसेंबरात बंदिवासातच एक नमुना भरला. त्याच्या कडेला मोर्स लिपीतील ठिपके आणि रेघांत त्याने हिटलरविरुद्धचा अपशब्द दडवला होता. जर्मनांना त्याचा सुगावा लागला नाही. उलट त्यांनी तो नमुना कौतुकाने प्रदर्शनात मांडला.

मोराच्या मानेचा रंग

माझी एक समानछंदी मैत्रीण आहे. तिचे नाव येथे देत नाही. वय बहात्तर, यजमानांना काही वर्षांपासून स्मृतिभ्रंश. ज्येष्ठांच्या एका मंडळात ती बुधवारी दुपारी दोन तास येत असे, कारण तेवढाच वेळ भाचा घरी थांबू शके. आल्यावर ती कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून पिशवीतून रिंग काढी आणि मोजू लागे.

पहिले दोन महिने आमचे बोलणे केवळ दोऱ्यांपुरते होते. मी काम कोपऱ्यातून सुरू करते, ती नेहमी कापड चार घड्यांत दुमडून मध्य शोधते आणि तिथून बाहेर जाते. ती गाठ मारत नाही; दोऱ्याचे टोक मागच्या टाक्यांखालून सरकवते. भरतकामाचा स्वभाव उलट्या बाजूवर कळतो, असे जुन्या बायका म्हणत. तिची उलटी बाजू इतकी स्वच्छ, की सुलटी कोणती हे क्षणभर थांबून पाहावे लागे. जिच्या घरात दिवसातून दहा वेळा वस्तू हरवत होत्या, तिने हा एवढा वीतभर तुकडा मात्र शिस्तीत ठेवला होता. रात्री यजमान उठून दाराची कडी काढतात, म्हणून तिची झोप सावध असे. जाग आली की ती दहा-वीस फुल्या घाली. “मोजताना दुसरे काही ऐकू येत नाही, आणि ते उठले तर तेवढे मात्र ऐकू येते,” असे ती एकदा म्हणाली. स्वतःविषयी तिने उच्चारलेले ते पहिले वाक्य.

त्या दिवसांत ती मोर भरत होती. एका बुधवारी माझ्या लक्षात आले, की मोराच्या मानेचा अर्धा भाग गडद निळा आणि अर्धा काळा झाला आहे. मी दोन्ही लड्या तिच्यासमोर धरल्या. तिला त्या एकाच रंगाच्या दिसत होत्या. खिडकीपाशी नेल्या, तरी तसेच. मग तिने सांगितले, की डॉक्टरांनी मोतीबिंदू असल्याचे सांगून शस्त्रक्रिया सुचवली होती. तिने ती दोनदा पुढे ढकलली होती. “माझ्या डोळ्यात औषध कोण घालील यापेक्षा, तेवढे दिवस त्यांच्याकडे कोण बघेल?” हा तिचा प्रश्न होता.

मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग हळूहळू पिवळसर, तपकिरी होत जाते. त्यामुळे निळ्या-जांभळ्या छटा मंदावतात. गडद निळा आणि काळा यांतला भेद ओळखणे कठीण होते. बदल इतका सावकाश होतो, की ज्याचा त्याला तो जाणवत नाही. घरातल्यांच्याही तो ध्यानात येत नाही. तो ध्यानात आला तिच्या शेजारी बसून त्याच रंगांत काम करणाऱ्या व्यक्तीच्या.

त्यानंतर मंडळातल्या आम्ही तिघींनी मिळून पाळ्या लावल्या. शस्त्रक्रियेच्या दिवशी आणि पुढच्या आठवड्यात दिवसा एकजण यजमानांजवळ बसे, रात्री भाचा. अनोळखी माणसे पाहून ते बिथरतील, ही तिची भीती पहिल्या सकाळी खरी ठरली. दुपारी मात्र त्यांच्यापुढे रंगीत लड्या आणि पुठ्ठ्याच्या पट्ट्या ठेवल्या, तेव्हा ते दोरा गुंडाळू लागले आणि तास-दीड तास शांत बसले. दृष्टी स्थिरावून नवा चष्मा मिळाल्यावर तिने काळा भाग उसवला आणि मान पुन्हा भरली.

छंद आणि मेंदू

अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सरासरी ८७ वर्षे वयाच्या २५६ व्यक्तींचा सुमारे चार वर्षे मागोवा घेतला होता. मध्यमवयात आणि उतारवयातही शिवणकामासारख्या हस्तकला करणाऱ्यांत सौम्य बौद्धिक ऱ्हासाचे प्रमाण ४५ टक्क्यांनी, तर त्याच काळात मित्रमंडळींत मिसळणाऱ्यांत ५५ टक्क्यांनी कमी आढळले. यावरून टाका घातला की विस्मरण टळते, असा निष्कर्ष काढू नये. ज्यांचा मेंदू मुळात सक्षम, तेच छंद टिकवू शकतात, असेही असू शकेल. तरीही हस्तकला आणि माणसांचा सहवास या दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत मिळत असतील, तर त्या सोडू नयेत, एवढे निश्चित म्हणता येईल.

ओळख वाढवताना

“किती छान!” या उद्गाराने संवाद तिथेच संपतो. त्याऐवजी “मध्यापासून सुरुवात केलीत का?”, “हा रंग कसा निवडला?”, “सर्वांत कंटाळवाणा भाग कोणता?” असे विचारावे. उलटी बाजू पाहायची असेल, तर आधी परवानगी घ्यावी. ती दाखवणे हा विश्वासाचा भाग आहे. वेगाची तुलना करू नये. नक्षीचा कागद आणि उरलेल्या लड्या यांची देवाणघेवाण करावी, म्हणजे पुन्हा भेटण्याला निमित्त राहते. समोरची व्यक्ती आजारपणाविषयी बोलू लागली तर ऐकावे. औषधोपचाराचा सल्ला मागितल्याशिवाय देऊ नये. मात्र रंग चुकणे, सुई ओवता न येणे, हाताला नवा कंप येणे किंवा येणारी नक्षी अचानक न जमणे, असे काही दिसले तर प्रेमाने सांगावे आणि तपासणीसाठी सोबत जाण्याची तयारी दाखवावी.

हात, डोळे आणि सुई

- आरंभी इंचाला ११ घरांचे कापड घ्यावे. घरे मोठी दिसतात आणि मान कमी वाकवावी लागते.
- बोथट टोकाची सुई वापरावी. मधुमेहामुळे बोटांची संवेदना कमी झालेल्यांनी ही काळजी विशेष घ्यावी.
- उजव्या हाताने काम करणाऱ्यांनी उजेड डावीकडून घ्यावा. रंगांची निवड दिवसाच्या प्रकाशात करावी.
- दोरा हातभरच कापावा. लांब दोरा गुंततो आणि खांद्याला ताण पडतो.
- दर वीस मिनिटांनी मान वर करून दूरवर पाहावे, बोटे सैल करावीत. दुखू लागल्यास त्या दिवशी थांबावे.
- सांधेदुखी असल्यास किंवा एकच हात चालत असल्यास टेबलाला अडकवता येणारी चौकट वापरावी, म्हणजे रिंग धरून ठेवावी लागत नाही.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीजवळ काम करताना सुया मोजून बाहेर काढाव्यात आणि मोजून आत ठेवाव्यात. कात्री नजरेसमोर असावी. त्यांनाही सहभागी करायचे असेल, तर मोठ्या घरांचे कापड आणि दोनच रंग द्यावेत. तेही जमत नसेल, तर रंग वेगळे करणे किंवा दोरा गुंडाळणे पुरेसे आहे. त्यांची चूक सुधारत बसू नये.

आणि आपल्यासाठी आठवड्यातले दोन तास राखून ठेवावेत. भाचा, शेजारी, मदतनीस, जो कोणी तेवढा वेळ घरी थांबू शकेल त्याला स्पष्ट शब्दांत विचारावे. त्या दोन तासांत रुग्णाची औषधे आणायला जाऊ नये. आपल्यासारखाच छंद असलेल्या कोणाच्या तरी शेजारी जाऊन बसावे, आणि स्वतःची पुढे ढकललेली तपासणी कोणती, हे त्या व्यक्तीला सांगून ठेवावे. पुढच्या भेटीत ती विचारल्याशिवाय राहणार नाही.