दोन्ही उंबरे (लेखांक ९) : वाहिऱ्याचे शेख महंमद शेवटी कोण राहिले?

कंदुरीवर, म्हणजे पिराला बकरं कापून फेडायच्या नवसावर, लिहायचं कबूल केलं होतं, पण ती आता पुढच्या आठवड्यात. आष्टी तालुक्यातल्या एका वाचकांनी असा प्रश्न विचारला आहे की तो बाजूला ठेवून पुढं जाता येईना. ते विचारतात, "शेख महंमद महाराज शेवटी हिंदू झाले की मुसलमानच राहिले? कीर्तनात एक ऐकतो, दर्ग्यावर दुसरं."

शेख महंमदांचं घराणं मूळ धारूरचं, गाव आष्टी तालुक्यातलं वाहिरा, आणि पुढचं सगळं आयुष्य श्रीगोंद्यात गेलं. म्हणजे माणूस आपल्याच बीड जिल्ह्याचा, पण नाव लागलं श्रीगोंदेकर. त्यांचा मोठा ग्रंथ 'योगसंग्राम', शके १५६७ चा, म्हणजे सन १६४५ चा. अठरा प्रसंग आणि दोन हजारांवर ओव्या. 'पवनविजय', 'निष्कलंक प्रबोध' हे निराळे. वा. सी. बेंद्रे यांनी ही कविता शोधून, तपासून छापली आणि रा. चिं. ढेरे यांनी 'मुसलमान मराठी संतकवी' या पुस्तकात त्यांना त्यांची जागा दिली. या दोघांचे उपकार मोठे आहेत.

वाचकांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र खुद्द महाराजांनीच देऊन ठेवलं आहे. ते स्वतःला अविंध, म्हणजे मुसलमान, म्हणवतात, आणि अंतःकरणात गोविंद आहे असंही सांगतात. दोन्ही गोष्टी एकाच दमात, कसलाही संकोच न करता. त्यांनी नाव बदललं नाही. अभंगाच्या शेवटी नाममुद्रा येते ती 'शेख महंमद' अशीच. ज्याला धर्म बदलायचा असतो तो आधी नाव बदलतो. इथं तर पंढरीची वारी करणारा, मराठीत योग आणि वेदान्त सांगणारा माणूस जन्माचं नाव अखेरपर्यंत मिरवतो.

मग हे जमलं कसं? माझ्या मते याचं उत्तर 'गुरू' या एका नात्यात आहे. दौलताबादेत चांद बोधले नावाचे सत्पुरुष होऊन गेले. कादरी परंपरेतले सूफी. त्यांचं स्थान आजही दौलताबादेत आहे. शेख महंमद त्यांचे शिष्य. आणि हेच शेख महंमद आपल्या ओवीत सांगतात की या चांद बोधल्यांनी जनार्दनपंतांचा स्वीकार केला आणि जनार्दनांनी एकाला उपदेश केला. जनार्दन म्हणजे देवगिरीचे जनार्दनस्वामी, आणि एका म्हणजे पैठणचे आपले नाथमहाराज! भागवत धर्माचा एवढा मोठा वृक्ष, आणि त्याच्या एका मुळाशी कादरी सूफी. नाथांच्या चरित्रात दत्तात्रेय मलंगाच्या वेषात येतात, ती कथा आपण लहानपणापासून ऐकतो. मला तिच्यात चांद बोधल्यांचीच आठवण दिसते. हिंदू आणि तुर्क यांचा संवाद भारुडात मांडण्याचं धैर्य नाथांना आलं, त्यामागे हे गुरुघर असणार असं मी मानतो.

आता पुढची कडी. वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार करणारे, शिखर शिंगणापूरला तळं बांधणारे मालोजीराजे भोसले हे शिवरायांचे आजोबा. त्यांनी शेख महंमदांना गुरू मानलं आणि श्रीगोंद्यात त्यांच्यासाठी मठ उभारला. याच मालोजीराजांनी आणि उमाबाईंनी मूल व्हावं म्हणून नगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला होता. थोरल्याचं नाव शहाजी, धाकट्याचं शरीफजी. शिंगणापूरच्या महादेवाला यातून काही कमी पडलं, असं त्या घरात कुणालाही वाटलं नाही.

भोसल्यांचं झालं, आता शिंद्यांचं. बीड शहराच्या पूर्वेला मन्सूरशाहांचा दर्गा आहे. हे अठराव्या शतकातले सूफी, महादजी शिंद्यांचे गुरू म्हणून प्रसिद्ध. महादजी म्हणजे पानिपतात पायानं जायबंदी झालेला, राणेखान भिस्त्यानं उचलून आणलेला, आणि पुढं दिल्लीच्या बादशहाला आधार देणारा सेनापती. घरचं कुलदैवत जोतिबा, स्वतः कृष्णभक्तीची पदं रचणारा. अशा माणसाचा गुरू निजामाच्या मुलखातल्या बीडचा फकीर. ग्वाल्हेरला गोरखीच्या देवघरात शिंदे घराण्यानं मन्सूरशाहांचं स्थान आजवर जपलं आहे, तिथं त्यांचा उरूस होतो. बीडमधल्या किती जणांना हे ठाऊक आहे, हा प्रश्न मला फार छळतो. परळीला जाता-येता हजारो माणसं बीडवरून जातात, त्यांना कुणी हा दर्गा दाखवत नाही.

अनुग्रह देताना या गुरूंनी शिष्याला 'तुझा देव सोड' असं सांगितलं नाही. त्यांनी साधना मागितली. म्हणून मालोजी भोसलेच राहिले, महादजी जोतिबाचेच राहिले आणि शेख महंमद शेखच राहिले.

पण याचा अर्थ 'सगळं सारखंच, सगळं चांगलंच' असा कुणी काढला तर तो 'योगसंग्राम' न वाचता काढलेला असेल. शेख महंमद फार कडक माणूस. क्षुद्र दैवतांपुढे पशू कापणाऱ्यांना ते सोडत नाहीत, आणि अंतरी काही नसताना वेष मिरवणाऱ्या मुल्लांना नि फकिरांनाही सोडत नाहीत. दोन्ही घरांत मोकळेपणानं वावरणाऱ्यालाच दोन्ही घरांतला केर दिसतो. 'योगसंग्रामा'नंतर सुमारे दहा वर्षांनी दिल्लीच्या शाहजादा दारा शुकोहनं सूफी मत आणि वेदान्त यांचा मेळ घालणारा 'मज्म-उल-बहरैन' हा फारसी ग्रंथ लिहिला. ग्रंथ थोर आहे, पण तो विद्वानांत राहिला. आमच्या वाहिऱ्याच्या माणसानं तोच विषय कुणब्याच्या भाषेत, ओवीत सांगितला, आणि लोकांनी त्याला वारीत नेलं.

हा वारसा पुस्तकातच उरला आहे असंही नाही. गुरुवारी बीडच्या शहेनशाहवली दर्ग्यात थोडा वेळ बसा. कपाळभर कुंकू लावलेली बाई पदर डोक्यावर घेऊन येते, नारळ देते. मुजावर लेकराच्या डोक्यावरून मोरचेल फिरवतो, कागदाच्या पुडीत ऊद बांधून देतो. ती पुडी कनवटीला लावून बाई निघते. सोमवारी हीच बाई कुंडातल्या कंकालेश्वराला बेल वाहताना दिसेल. तिला 'तू नक्की कुणाची?' असं विचारून पाहा. तिला प्रश्नच कळणार नाही.

अलीकडे श्रीगोंद्यात शेख महंमदांच्या स्थानाला दर्गा म्हणायचं की मंदिर, यावरून वाद पेटला आहे. माझं मत स्पष्ट आहे. ज्या माणसानं आयुष्यभर या दोहोंतलं एक निवडायचं नाकारलं, त्याच्या समाधीवरून ती निवड करणं हा त्याच्यावर अन्याय आहे. तिथं फातेहाही व्हावा आणि कीर्तनही व्हावं.

आता कंदुरी. शेख महंमदांना ती आवडली नसती, हे वर आलंच आहे. पण मराठवाड्यातल्या शेकडो हिंदू घरांत पिराचा हा नवस पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. ज्यांच्या घरी तो आहे त्यांनी मला जरूर कळवावं : बकरं कापायला मुलाणी कोणत्या गावचा येतो, त्याचा वाटा काय ठरलेला असतो, आणि घरातल्या माळकऱ्यांची पंगत वेगळी बसते का. बुधवारपर्यंत पत्र आलं तर पुढच्याच लेखात घेतो.