पाटी आणि माल

हिंजवडीला मुलाच्या फ्लॅटवर मुक्काम असला, की रात्री त्याच्या खोलीतून गदारोळ ऐकू येतो. परवा न राहवून म्हणालो, ‘‘अरे, बंद कर हा धांगडधिंगा!’’

‘‘बाबा, धांगडधिंगा नाही, डूम मेटल आहे.’’

मग माझी शिकवणीच सुरू झाली. हेवी मेटलचं मूळ पीठ म्हणजे बर्मिंगहॅमचा ब्लॅक सॅबथ. पहिली रेकॉर्ड १९७० ची. संथ, जड चालीचं ते डूम, सुसाट ते थ्रॅश, गुरगुरत गायलेलं ते डेथ. ‘ब्लॅक मेटल’ हे तर इंग्लंडच्या व्हेनमच्या १९८२ च्या रेकॉर्डचं नाव. पुढे ते नॉर्वेतल्या निराळ्याच संगीताला चिकटलं. पाटी आधी, माल नंतर! मुंबईच्या डेमॉनिक रिझरेक्शनने २०१७ मध्ये ‘दशावतार’ काढला. ‘‘तो कुठल्या खणात?’’ मी विचारलं.

‘‘त्यात डेथही आहे, ब्लॅकही,’’ चिरंजीव हसले.

पाट्या लावण्यात माझीही हयात गेली. १९९२ नंतर बँकांत कर्जखाती चार वर्गांत बसवावी लागली : स्टँडर्ड, सबस्टँडर्ड, डाउटफुल, लॉस. एका सुताराच्या खात्यावर मी ‘डाउटफुल’ लिहिलं. पुढे त्यानं पै न पै फेडली. पाटीवाचून खतावणी चालत नाही, हे खरं. पण लावणाऱ्यानं अधूनमधून माल पुन्हा तपासावा.

बारावीत मुलानं गिटार आणली, तेव्हा त्याच्यावरही मी पाटी लावली होती : ‘वाया गेलेला’. ती मनातून केव्हाच उतरली. त्याला सांगायचं मात्र राहून गेलं. त्या रात्री त्याच्या दारात उभा राहून एवढंच म्हणालो, ‘‘तुझं ते डूम पुन्हा लाव रे जरा.’’