हात का सुटतो?

ज्येष्ठात माउलींची पालखी आळंदीहून निघते, ती आमच्या दिघीवरून पुण्याला जाते. त्या दिवशी रस्त्यावर वारकऱ्यांच्या फुगड्या रंगतात आणि आमची पोरंही त्यात घुसतात. माझा आठवीतला भाचा मात्र हात खिशात घालून कडेला उभा! "अरे, जा की!" म्हटलं, तर म्हणाला, "मामा, माझा हात सुटतो."

सुटतो म्हणजे घामाने निसटतो. पेपर लिहितानाही तो तळहाताखाली रुमाल ठेवतो, नाहीतर शाई पसरते. सगळे म्हणत, भित्रा आहे. खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटायचं.

पण मुलांनो, खरं कारण वेगळंच आहे. आपल्या अंगावर घामाच्या २० ते ४० लाख ग्रंथी असतात. सगळ्यांत दाटी तळहातांवर आणि तळपायांवर. मज्जातंतूंमधून निरोप आला की त्या पाझरतात. काहींच्या शरीरात हे निरोप गरज नसताना सुटत राहतात. बाकी तब्येत ठणठणीत, फक्त नळ बंद होत नाही! डॉक्टर याला हायपरहायड्रोसिस म्हणतात. बहुतेकदा हे शाळेच्या वयातच सुरू होतं आणि पुष्कळदा घराण्यात चालत आलेलं असतं. गंमत म्हणजे झोपेत हेच हात कोरडे असतात.

हे ऐकून आमचे दाजी एकदम गप्प झाले. ते भोसरीत वर्कशॉपमध्ये काम करतात. त्यांनी हाताळलेल्या चकचकीत पोलादी जॉबवर नंतर बोटांचे तांबूस ठसे उमटायचे. घामातल्या मिठाने पोलाद गंजतं ना! म्हणून ते कायम हातमोजे घालतात. म्हणाले, "म्हणजे हे माझ्याकडूनच आलं होय!"

मग उपाय काय? पावडर घाम टिपते, थांबवत नाही. डिओडरंट फक्त वासाचा बंदोबस्त करतं. घाम अडवतात ते ॲल्युमिनियमचे क्षार. दाढीनंतर न्हावी गालावर तुरटी फिरवतो ना? तीही त्याच घराण्यातली. डॉक्टर देतात ते ॲल्युमिनियम क्लोराइड. ते घामाच्या नळीच्या तोंडाशी घट्ट होऊन बुचासारखं बसतं.

अमेरिकेत सिनसिनाटीच्या एका डॉक्टरांनी शस्त्रक्रियेच्या वेळी आपले हात कोरडे राहावेत म्हणून असंच औषध बनवलं होतं. त्यांच्या शाळकरी मुलीने, एडना मर्फीने, ते 'ओडोरोनो' नावाने विकायला काढलं आणि १९१२ साली अटलांटिक सिटीच्या प्रदर्शनात मांडलं. तेव्हाचं ते औषध लालभडक होतं. कपड्यांना डाग पडत, कातडीची आग होई.

आग आजही होऊ शकते, कारण हे औषध पाण्याशी मिसळलं की आम्ल तयार होतं. म्हणून ते लावायचं झोपताना, हात पूर्ण कोरडे करून, आणि सकाळी धुऊन टाकायचं. दिवसा घामेजल्या हातावर चोपडलं तर उपयोग कमी, चुणचुण जास्त! खरचटलेल्या जागी लावायचं नाही. घाम आटोक्यात आला की दिवसाआड, मग आठवड्यातून एकदोनदा पुरतं. जाड कातडीच्या तळहातांवर गुण यायला काखेपेक्षा वेळ लागतो.

आता मज्जातंतूंचा निरोपच अडवणारी औषधंही निघाली आहेत. २०१८ मध्ये अमेरिकेत काखेसाठी औषधी रुमालांना परवानगी मिळाली, नऊ वर्षांपुढच्या मुलांनाही. २०२३ मध्ये जपानमध्ये खास तळहातांसाठी लोशन आलं. असलं औषध लावलेला हात डोळ्याला लागला तर बाहुली मोठी होऊन धूसर दिसतं. तेव्हा कुठलंही औषध त्वचारोगतज्ज्ञांना विचारूनच लावायचं. आणि आईबाबा, मुलाला अचानक सर्वांगाला घाम सुटू लागला, किंवा रात्री अंथरूण भिजू लागलं, वजन घटू लागलं, तर ते दुखणं वेगळं; डॉक्टरांकडे लगेच न्या.

भाच्याचे हात अजून थोडे दमट असतात. पण यंदा त्याने पालखीत एका वारकरी आजोबांबरोबर फुगडी धरली. आठदहा फेऱ्यांनंतर हात सुटलाच, पण तो आजोबांना दम लागला म्हणून!