रक्त पातळ करायची गोळी : मनाने सोडू नका, मनाने वाढवू नका

पांढरकवडा : हृदयात धातूची झडप बसवली, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली किंवा हृदयाचे ठोके अनियमित पडायला लागले, की डॉक्टर बहुतेक वेळा रक्त पातळ करायची गोळी लिहून देतात. खरं तर या गोळीने रक्त पाण्यासारखं पातळ होत नाही. रक्त गोठायला वेळ लागतो, एवढंच.

रक्त थांबवणारे काही घटक यकृतात तयार होतात अन् त्यासाठी 'के' जीवनसत्त्व लागतं. वॉरफरिन, असिनोकुमॅरॉल या गोळ्या नेमकं तेच काम अडवतात. वावरात उंदरांसाठी वापरतात ते ब्रोमाडिओलोनही याच जातीचं. उंदीर आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो. वॉरफरिनसुद्धा आधी उंदीर मारायलाच वापरलं जायचं, माणसांना ते १९५४ पासून देऊ लागले. फरक मात्रेचा आहे. म्हणून अर्धी गोळी म्हणजे अर्धीच.

मात्रा बरोबर आहे की नाही, हे आयएनआर नावाच्या रक्ततपासणीतून कळतं. गोळी न घेणाऱ्या निरोगी माणसाचा आकडा १ च्या आसपास असतो. बहुतेक रुग्णांचा २ ते ३ ठेवतात, काही झडपांसाठी थोडा जास्त. कमी झाला तर झडपेवर गाठ धरते, लकवा मारू शकतो. फार वाढला तर पोटात, मेंदूत रक्तस्राव. कापूस वेचणीच्या दिवसांत ही तपासणी 'पुढच्या महिन्यात पाहू' म्हणून राहते, अन् धोका तिथेच असतो.

पालक, मेथी, सांबार यांत 'के' जीवनसत्त्व भरपूर. भाजी बंद करू नका, पण महिनाभर नाही अन् मग आठवडाभर रोज, असंही नको. अंगदुखीसाठी दुकानातून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन घेणं सगळ्यात वाईट. काही अँटिबायोटिकनेही आकडा चढतो. ताप आला म्हणून कमरेत सुई घेण्याआधी, दात काढण्याआधी डॉक्टरांना या गोळीचं सांगाच. एखादी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. दिवस गेले असतील किंवा तशी शंका असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. या गोळीने पोटातल्या बाळाला इजा होऊ शकते.

रिव्हारोक्साबॅन, अपिक्साबॅन या नव्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही, पण धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत. शेजाऱ्याची गोळी बघून बदल करू नका.

काळी शौच, लाल लघवी, न थांबणारा घोळणा, डोक्याला मार किंवा अचानक जोराची डोकेदुखी, तोंड वाकडं होणं, यातलं काही दिसलं तर १०८ ला फोन करा अन् गोळीचं पाकीट सोबत न्या.