तारापूर-माहीमचे किल्ले व संकेतस्थळाची पृष्ठनिहाय योजना

हस्तलिखित पोथीच्या समासांत ग्रंथाचें संक्षिप्त नांव व पत्रांक लिहिण्याची लेखनिकांची रीत संशोधकांच्या परिचयाची आहे. बासन सुटून पानें विखुरलीं तरी त्यामुळें एकेक पान आपला ग्रंथ सांगूं शकतें. संकेतस्थळाचें प्रत्येक पृष्ठ असेंच सुटें पान होय. कारण शोधयंत्राच्या द्वारें येणारा वाचक मुखपृष्ठावरून न येतां थेट त्या पानावरच उतरतो. म्हणून वेबसाइट बिल्डरमध्यें प्रत्येक पृष्ठासाठीं ज्या स्वतंत्र सेटिंग्ज असतात, त्यांचा विचार इतिहासाभ्यासकांनीं करणें अवश्य आहे.

उदाहरणार्थ, पालघर जिल्ह्यांतील किल्ले घेऊं. १७३९ च्या जानेवारींत चिमाजी अप्पांच्या फौजेनें तारापूर घेतलें. त्या लढ्यांत बाजी भिवराव रेठरेकर कामास आले. परंतु ‘तारापूर’ एवढ्याच शब्दानें शोध केल्यास १९६९ सालीं सुरू झालेलें अणुविद्युत्केंद्र व बोईसरलगतची औद्योगिक वसाहत हींच प्रथम पुढें येण्याचा संभव अधिक. माहीमची अडचण निराळी. एक माहीम मुंबईंत, दुसरें केळव्यानजीक. आणि किल्ला दोन्हीकडे आहे. शिवाय पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं अस्तित्वांत आला. त्यापूर्वींचे लेख हीं स्थळें ठाणे जिल्ह्यांत दाखवितात.

सबब पृष्ठाचें शीर्षक नुसतें ‘माहीमचा किल्ला’ असें न ठेवितां ‘माहीमचा किल्ला, केळवे-माहीम, जि. पालघर’ असें द्यावें. वर्णनांत घटना, सन व पूर्वींचा जिल्हा एक-दोन वाक्यांत सांगावा. वर्णनानें शोधांतील क्रम वर चढतो असें नाहीं. पान उघडावें कीं नाहीं, हें वाचक त्यावरून ठरवितो. कीवर्डांची यादी भरणें तर व्यर्थच. गूगल ती क्रमासाठीं विचारांत घेत नाहीं, हें त्या कंपनीनें २००९ सालींच जाहीर केलें. पृष्ठाचा पत्ता लहान व अर्थवाही असावा. तो बदलणें प्राप्तच झाल्यास जुन्या पत्त्यावरून नव्याकडे रीडायरेक्ट लावावा, नाहींतर इतरांनीं दिलेले पूर्वींचे संदर्भ निष्फळ होतात.

मोडी कागदाचें अपुरें वाचन शोधांत येऊं नये असें वाटल्यास त्या पृष्ठास ‘नोइंडेक्स’ लावावें. तेंच पृष्ठ रोबोट्स फाइलनेंही अडविलें, तर शोधयंत्र तें वाचीतच नाहीं. अर्थात् आंतील निषेध त्यास कळत नाहीं, व पृष्ठाचा पत्ता यादींत येऊं शकतो.

राहिला प्रश्न ट्रॅकिंगचा. मोजणीचा कोड सबंध स्थळास लाविला असतां तोच पुन्हां पृष्ठासही लाविल्यास एकच भेट दोनदां मोजली जाते. किल्ल्याचें पान किती जणांनीं पाहिलें हें कळणें उपयुक्त आहे. परंतु ज्या पृष्ठावर घराणीं आपल्या दप्तराची माहिती व पत्ते कळवितात, तेथें हा कोड नसणेंच इष्ट. यास्तव तो सरसकट न लावितां निवडक पृष्ठांसच लावावा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमानेंही संमतीस महत्त्व दिलें आहे. दप्तर दाखविणारें घराणें विश्वासावर दाखवितें. तो एकदां ढळला, म्हणजे पुढचीं दप्तरें संशोधकास बंदच राहतील.