जलजीवालयातील पाणी-बदल

काचेच्या टाकीत पाळलेल्या माशांचे जुने पाणी ठराविक काळाने अंशतः काढून त्या जागी योग्य तयारी केलेले नवे पाणी घालण्याच्या क्रियेस ‘पाणी-बदल’ म्हणतात. साचलेली उत्सर्जित द्रव्ये कमी करणे व खर्च झालेल्या खनिजांची भरपाई करणे, हे तिचे दोन मुख्य हेतू होत. मात्र नवे पाणी स्वच्छ असूनही ते घातल्यावर काही तासांतच मासे दगावल्याचे पुष्कळदा आढळते. जुन्या व नव्या पाण्याच्या गुणधर्मांतील तफावत आणि ती माशांवर ज्या वेगाने येते तो वेग, ही याची प्रमुख कारणे असतात.

इंग्रज रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये मासे, गोगलगायी व पाणवनस्पती बंदिस्त पाण्यात एकत्र दीर्घकाळ जगू शकतात, असे दाखविले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील सार्वजनिक मत्स्यालय १८५३ मध्ये सुरू झाले. ‘समतोल’ टाकीचे पाणी बदलावेच लागत नाही, हा समज याच काळात रूढ झाला. परंतु हा समतोल मुख्यतः ऑक्सिजन व कार्बन डाय-ऑक्साइड यांचा असतो. खाद्यातून सतत येणाऱ्या नायट्रोजनाचा हिशेब त्यात पूर्णपणे जुळत नाही.

टाकीतील रासायनिक बदल : मासे मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया उत्सर्जित करतात. वाळूत व गाळणीत वाढणारे सूक्ष्मजंतू त्याचे प्रथम नायट्राइटात व नंतर नायट्रेटात रूपांतर करतात. या विक्रियेत अम्ल निर्माण होते व पाण्यातील बायकार्बोनेटे खर्च होतात. त्यामुळे महिनोन्‌महिने पाणी न बदललेल्या टाकीचे पीएच मूल्य उतरत जाते. पाणी अम्लीय झाले की सूक्ष्मजंतूंचे कार्य मंदावते व अमोनिया साचू लागतो. पण तो जवळजवळ सर्व अमोनियम आयनाच्या, म्हणजे कमी विषारी रूपात असल्याने मासे वरकरणी ठीक दिसतात.

अशा टाकीत एकदम अर्धे पाणी बदलल्यास काय होते, हे आकड्यांवरून स्पष्ट होईल. २५° से. तापमानास विषारी मुक्त अमोनियाचे प्रमाण पीएच ६·५ असता एकूण अमोनियाच्या सु. ०·१८ टक्के, तर पीएच ८ असता सु. ५·४ टक्के असते. समजा, लिटरमागे २ मिग्रॅ. अमोनिया असलेल्या टाकीचे पीएच मूल्य ६·५ आहे. क्षारधर्मी पाणी घालून ते ८ झाले, तर एकूण अमोनिया निम्मा होऊनही मुक्त अमोनिया सु. ०·००३६ मिग्रॅ.वरून ०·०५४ मिग्रॅ.वर, म्हणजे पंधरापट जातो. एवढे प्रमाण कल्ल्यांना इजा करू शकते. तात्पर्य, दुर्लक्षित टाकीत मोठा पाणी-बदल हा उपाय नसून धोका आहे. तेथे प्रथम खाद्य कमी करून रोज सु. दहावा हिस्सा पाणी बदलीत जावे.

माशांवरील परिणाम : गोड्या पाण्यातील माशांचे शरीरद्रव सभोवतालच्या पाण्यापेक्षा खारट असल्याने तर्षणामुळे पाणी सतत शरीरात शिरते. मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात व कल्ले लवणे शोषून घेतात. पाण्याची कठिनता एकाएकी बदलल्यास या यंत्रणेवर ताण पडतो. तापमान झपाट्याने उतरल्यास प्रतिकारशक्ती घटून अंगावर पांढरे ठिपके पडणारा परजीवीजन्य रोग बळावतो. पंख मिटून तळाशी बसणे, पृष्ठभागाशी येऊन धापा टाकणे, रंग फिका पडणे व सैरावैरा पोहणे ही ताणाची लक्षणे होत.

स्थानिक पाण्याचा विचार : हिंगोली जिल्हा (१९९९ मध्ये परभणीतून वेगळा झालेला) दख्खनच्या काळ्या कातळाच्या, म्हणजे बेसाल्टाच्या प्रदेशात मोडतो. तेथील विहिरींच्या व विंधन विहिरींच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची बायकार्बोनेटे असल्याने ते सामान्यतः कठिन असते. गप्पी, मॉली व प्लॅटी या माशांना ते मानवते. निऑन टेट्रासारख्या मृदू पाण्यातील माशांसाठी त्यात शुद्धीकरण यंत्राचे पाणी मिसळावे लागते. हे मिश्रण दर वेळी एकाच प्रमाणात करणे महत्त्वाचे आहे. भूगर्भातून नुकत्याच उपसलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी व कार्बन डाय-ऑक्साइड जास्त असू शकतो. म्हणून ते रात्रभर उघड्या भांड्यात हवा देऊन मगच वापरतात.

उन्हाळ्यात या भागातील तापमान ४०° से.च्या वर जाते आणि टाकीतील पाणी झपाट्याने आटते. आटलेले पाणी भरून काढणे म्हणजे पाणी बदलणे नव्हे. वाफेबरोबर लवणे जात नाहीत. त्यामुळे कठिन पाण्याची केवळ भर घालीत राहिल्यास लवणांचे प्रमाण वाढत जाते. गच्चीवरील टाकीचे पाणी दुपारी तापलेले असल्याने ते त्या वेळी घेऊ नये. २५° से. तापमानास लिटरभर पाण्यात सु. ८·३ मिग्रॅ. ऑक्सिजन विरघळू शकतो, तर ३५° से.ला सु. ७ मिग्रॅ.च, म्हणून या दिवसांत हवेचा पंप चालू ठेवणे इष्ट असते.

पद्धती : ६० × ३० × ३० सेंमी. मापाच्या टाकीत ५४ लि. पाणी मावते. तिच्यातून आठवड्यास सु. ११ लि., म्हणजे पाचवा हिस्सा, पाणी बदलणे पुरेसे होते. आठवड्याला लिटरमागे ५ मिग्रॅ. नायट्रेट वाढते असे धरल्यास या क्रमाने त्याचे प्रमाण कालांतराने २० ते २५ मिग्रॅ.च्या दरम्यान स्थिरावते. चार आठवड्यांनी निम्मे पाणी बदलल्यास तेच २० व ४० मिग्रॅ.च्या दरम्यान हेलकावे खाते. तापमानाचेही तसेच आहे : टाकीचे पाणी २८° से. व नवे पाणी २०° से. असल्यास पाचवा हिस्सा बदलल्याने तापमान सु. १·६ अंशांनी, तर निम्मे बदलल्याने ४ अंशांनी उतरते.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन कल्ल्यांना व उपयुक्त सूक्ष्मजंतूंना घातक असतो. पसरट भांड्यात दिवसभर उघडे ठेवल्यास तो बव्हंशी उडून जातो. घाई असल्यास १ भाग क्लोरिनामागे सु. ७ भाग स्फटिकी सोडियम थायोसल्फेट वापरतात. मासे टाकीतच राहू द्यावेत. त्यांना जाळीने बाहेर काढणे अधिक त्रासदायक ठरते. लवचिक नळीने तळाचा गाळ व पाणी सायफन पद्धतीने हळूहळू काढावे. नवे पाणी तळहातावर किंवा बशीवर पडेल अशा बेताने, बारीक धारेने अर्ध्या तासात घालावे. गाळणी त्याच दिवशी धुऊ नये. धुवावयाची तेव्हा टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळावी, म्हणजे तिच्यातील सूक्ष्मजंतू टिकून राहतात. काढलेले पाणी नायट्रेटयुक्त असल्याने कुंड्यांतील झाडांना उपयोगी पडते. पाणीटंचाईच्या प्रदेशात त्यामुळे ते वाया जात नाही.